धावत्या बोरूची विद्या

वेदपठणाचे नियम सांगणाऱ्या पाणिनीय शिक्षेत सहा प्रकारच्या अधम पाठकांची गणना केलेली आहे. गाऊन म्हणणारा, मान डोलावणारा, अर्थ न जाणता म्हणणारा, क्षीण आवाजाचा, हे चौघे त्या पंक्तीत बसलेले पाहून कोणास आश्चर्य वाटू नये. परंतु उरलेल्या दोघांची नावे वाचताना आजचा विद्यार्थी क्षणभर थबकल्यावाचून राहणार नाही, कारण त्यांतला एक ‘शीघ्री’, म्हणजे भरभर वाचणारा, आणि दुसरा ‘लिखितपाठक’, म्हणजे लिहून घेतलेले समोर ठेवून म्हणणारा. वेगाने कसे वाचावे आणि ऐकलेले टिपून कसे ठेवावे, या ज्या दोन गोष्टी शिकण्यासाठी आज विद्यार्थी धडपडतो, त्या दोन्ही एके काळी विद्येच्या क्षेत्रात दोष म्हणून मोजल्या जात. दोषाचा गुण केव्हा आणि कोठे झाला, हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. महाराष्ट्रापुरते पाहिले तर हा पालट पाठशाळेत झाला नाही, मठात तर नाहीच. तो कचेरीत झाला, आणि तो घडवून आणणारा मनुष्य म्हणजे बैठकीवर मांडी घालून, गुडघ्यावर कागद ठेवून, कानाला दुसरा बोरू लावून बसलेला कारकून होय.

पाठशाळेवर अन्याय मात्र होऊ नये. जेथे ग्रंथ हा कागदावर नव्हे तर मुखात राहत होता, जेथे एकेक मंत्र पद, क्रम, जटा, घन अशा उलटसुलट गुंफणीने घोटून त्याचा एक स्वरही ढळू न देण्याची प्रतिज्ञा होती, तेथे घाईने म्हणणाऱ्याच्या तोंडून अक्षर निसटणार आणि लेखावर विसंबणाऱ्याची स्मृती दुबळी होणार, ही भीती रास्तच होती. त्या पद्धतीने जे जतन केले, ते दुसऱ्या कोणत्याही पद्धतीने तितक्या शुद्धतेने जतन झाले नसते. परंतु जे आधीच निश्चित झालेले आहे त्याच्या रक्षणाची ती विद्या होती. जे आज प्रथमच बोलले जात आहे आणि उद्या विरून जाणार आहे, ते पकडून ठेवण्याचे साधन तिच्याजवळ नव्हते.

ते साधन मराठीने फार लवकर हाती घेतले. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या प्रयाणानंतर ऋद्धिपूरच्या परिसरात म्हाइंभटांनी त्यांच्या लीळा गोळा करण्याचे जे कार्य आरंभले, ते तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातले. आणि त्यांची रीत अशी की ज्याने प्रसंग पाहिला किंवा शब्द ऐकला, त्याच्याकडे स्वतः जावे, विचारावे, आणि पंथाचे आचार्य नागदेव यांच्याकडून खातरजमा करून मग लिहावे. मूळ पोथी पुढे धामधुमीत नष्ट झाली व पंथीयांनी ती आठवणीतून पुन्हा उभी केली, हे खरे. पण एका माणसाने दुसऱ्याचे बोलणे, त्याच्याच बोलीत, पदरची अलंकारिक भर न घालता उतरवून ठेवावे, ही कल्पना मराठी गद्याच्या अगदी मुळाशी आहे. त्याच सुमारास, शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, ज्ञानेश्वरीच्या अखेरीस लेखक म्हणून सच्चिदानंदबाबांचे नाव येते. बोलणारा एक आणि लिहिणारा दुसरा, ही जोडी पुढे समर्थ आणि कल्याणस्वामी, तुकोबा आणि संताजी जगनाडे अशा रूपांनी आपल्या वाङ्मयात पुनःपुन्हा भेटत राहते. मात्र या सर्वांची लगबग भक्तीची होती. वेगाची विद्या निराळ्या गरजेतून जन्मास आली.

ती गरज राज्यकारभाराची. मोडी लिपी यादवांचा प्रधान हेमाद्री, म्हणजेच हेमाडपंत, याने प्रचारात आणली, अशी परंपरेची समजूत आहे. कोणी ती त्याने लंकेहून आणली असेही सांगतात, आणि या सांगण्यावर विद्वानांचे एकमत नाही. कर्ता कोण हा वाद बाजूस ठेवला तरी त्या लिपीची घडण पाहिल्याबरोबर तिचा हेतू डोळ्यांपुढे उभा राहतो. बाळबोध, म्हणजे देवनागरी, लिहिताना अक्षरागणिक हात उचलावा लागतो: उभी रेघ, आडवी रेघ, मग काना, मग वेलांटी, मग शिरोरेषा. मोडी लिहिणारा आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सबंध रेघ ओढून मोकळा होतो आणि मग त्या रेघेला अक्षरे लटकवीत बोरू न उचलता धावत सुटतो. काना वरून खाली न उतरता खालून वर चढतो, म्हणजे अक्षर संपताच बोरूचे टोक पुढच्या अक्षराच्या तोंडाशी आपोआप येऊन उभे राहते. ऱ्हस्वदीर्घाचा विवेक टाकून दिलेला, इकाराला एक खूण, उकाराला एक खूण. शब्द तोडण्याचीही फिकीर नाही, दौतीतली शाई बोरूत पुरेल तोवर ओळ चालू राहते. व्याकरण जाणणाऱ्यास हा स्वैराचार वाटेल. पण येथे काय सोडावे याचा फार विचारपूर्वक निर्णय झालेला आहे. ज्याच्यावाचून अर्थ अडत नाही ते सगळे सोडले, आणि वाचलेला क्षण बोलणाऱ्याच्या शब्दामागे धावण्यासाठी राखून ठेवला. टिपण काढण्याच्या कलेचे याहून नेमके वर्णन मला तरी ठाऊक नाही.

लिपीच्या जोडीला संक्षेप होते. ‘राजश्री’ दिवसातून शंभर वेळा लिहावे लागणारा कारकून ‘रा।’ एवढेच लिही; ‘मौजे’चे ‘मौ।’, ‘निसबत’चे ‘नि॥’, ‘गुजारत’चे ‘गु॥’, ‘बितपशील’चे ‘बि॥’. मुसलमानी चांद्र तारखेसाठी नुसते ‘छ’ हे अक्षर पुरे. हे संक्षेप ज्याने त्याने लहरीप्रमाणे योजलेले नव्हते. एका कचेरीतला कागद दुसऱ्या प्रांतातल्या कचेरीत निर्वेध वाचला जाई, आणि आज दोन-अडीचशे वर्षांनंतरही, त्या खुणांची ओळख झालेल्यास, तो वाचता येतो. स्वतःच्याच वहीतील संक्षेप परीक्षेच्या आदल्या रात्री स्वतःलाच न उलगडल्यामुळे हताश झालेले विद्यार्थी मी पाहिले आहेत. त्यांना या एकाच गोष्टीचे मोल कळेल.

शिवकालात या विद्येला प्रतिष्ठा आली. राजव्यवहारकोशात, जो छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून सिद्ध झाला, इतर वर्गांच्या बरोबरीने लेखनवर्ग स्वतंत्र मांडलेला आहे. शस्त्रे आणि दुर्ग यांच्या पंक्तीला दौत, लेखणी आणि कागद येऊन बसले. बाळाजी आवजी चिटणीस यांच्याविषयीची आख्यायिका महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. महाराजांनी सांगितलेले पत्र कामाच्या गर्दीत लिहावयाचे राहून गेले; रात्री वाचून दाखविण्याची आज्ञा होताच बाळाजींनी कोरा कागद हाती धरून सबंध पत्र अस्खलित वाचले, आणि मशालजीला हसू आवरेना तेव्हा गुपित उघडे पडले. घडलेली असो वा रचलेली, या कथेत एक मर्म आहे. पत्र बाळाजींच्या मनात तयार होते. कागद हा केवळ त्याचा उतारा झाला असता. ऐकताना ज्याच्या मनात मजकुराची मांडणी होत नाही, त्याचा बोरू कितीही धावला तरी तो शब्दांच्या मागेच राहतो. पाठशाळेची एकाग्रता अशा रीतीने कचेरीतही आली होती. फक्त तिने घोकणे सोडून आकलन धरले होते.

पेशवाईत पुण्यास हुजूर दप्तर भरभराटीस आले तेव्हा या विद्येची पुढची पायरी गाठली गेली. दप्तराच्या निरनिराळ्या शाखांतून कागदाचा जो प्रवास होई, तो मी जितका पाहतो तितका मला अधिक शिकवून जातो. दिवसाचा व्यवहार घडेल त्या क्रमाने रोजकिर्दीत उतरे. रोजकिर्दीतून तो विषयवार खतावणीत जाई. खतावणीवरून तरजुमा आणि ताळेबंद तयार होत. आणि वरिष्ठांपुढे जावयाचा तो गोषवारा. गोषवारा या शब्दाचा फारसीतला मूळ अर्थ कानातले भूषण असा आहे. पसाऱ्यातून जे थोडके निवडून धन्याच्या कानावर घालावयाचे, त्याला याहून सुंदर नाव मिळणे कठीण. एकच मजकूर तीन-चार वेळा, दर वेळी निराळ्या मांडणीने आणि कमी शब्दांत लिहिला जाई, आणि दर लिहिण्यात तो लिहिणाऱ्याच्या अधिक स्वाधीन होई. नुसती रोजकीर्द लिहून थांबणारा कारकून नाना फडणिसांच्या फडात टिकला नसता. आजच्या विद्यार्थ्यांची बहुसंख्य टिपणे रोजकिर्दीतच मरतात: व्याख्यानात ऐकले त्या क्रमाने लिहिली, आणि वही मिटली ती परीक्षेपर्यंत उघडली नाही.

वाचण्याच्या वेगाचे रहस्यही त्याच कागदांत आहे. हिशेबाचा मराठी कागद उघडा: कागदाला उभ्या घड्या घातलेल्या, त्या घड्यांचेच रकाने झालेले, वर एकूण रक्कम, तिच्याखाली ‘बि॥’ म्हणून पोटरकमा, त्या पोटरकमांखाली पुन्हा त्यांचा तपशील. आज आपण बेरीज तळाशी मांडतो. तेथे ती शिरावर आहे. ज्याला एकूण हवे त्याने एक नजर टाकावी आणि उठावे; ज्याला संशय आहे त्याने त्याच शाखेतून खाली उतरावे, इतर शाखांना स्पर्श करण्याचे कारण नाही. पत्राचीही हीच व्यवस्था. मायना, दंडवत, कुशलवृत्ताची ठरीव वाक्ये ज्या अनुक्रमाने यावयाची त्याच अनुक्रमाने येत, आणि मग ‘विशेष’ हा शब्द. चिटणिशी फडातला मुरलेला माणूस मायन्यावर नजर फिरवून लिहिणाऱ्याची योग्यता आणि त्याचा रोख जाणी, आणि तेथून त्याचा डोळा थेट ‘विशेष’वर उतरे; खरा मजकूर तेथून पुढे. कागद कोणत्या तारखेस आला त्याची पैवस्ती कोपऱ्यात नोंदलेली असे, अखेरीस मोर्तब असे. म्हणजे भरभर वाचणारा तो माणूस सगळे शब्द घाईने वाचीत नव्हता. कोणते शब्द वाचावयाचे नाहीत हे त्याला ठाऊक होते, आणि उरलेल्यांवर तो हवा तितका वेळ थांबत होता. शब्द न तोडता लिहिलेली, ऱ्हस्वदीर्घ नसलेली ती लिपी त्याच्या डोळ्यांना अडथळा करीत नसे, कारण अक्षराअक्षराने वाचण्याची पायरी त्याने केव्हाच ओलांडलेली होती.

या वेगाला बांध घालणारा एक आवाज त्याच भूमीतून उठला होता, आणि तो ऐकल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेला दिला आहे. त्यात ते बाळबोध अक्षर घोटून सुंदर करावयास सांगतात. ओळी सरळ, मात्रा-वेलांट्या नेटक्या, पहिल्या अक्षरापासून ग्रंथ संपेपर्यंत एकच वळण, जणू एकाच टाकाने लिहिले आहे. कागद, बोरू, चाकू, कातऱ्या, रंग, शाई देशोदेशींची जमवावीत, याची त्यांना केवढी हौस! पण दोन सूचना मला फार मोलाच्या वाटतात. कागदाच्या चहूबाजूंनी जागा सोडून मध्ये लिहावे, म्हणजे कडा झडल्या तरी अक्षर झडणार नाही. आणि तरुणपणी बारीक अक्षर लिहू नये, कारण म्हातारपणी ते उपयोगी पडत नाही, म्हणून मध्यम अक्षर धरावे. लिहिणारा आज जो आहे आणि वाचणारा पुढे जो होणार आहे, ते दोघे एकाच देहातले निराळे पुरुष आहेत, आणि पहिल्याने दुसऱ्याची काळजी वाहिली पाहिजे, ही दृष्टी समर्थांपाशी होती. महाराष्ट्राने मग आपली सोय अशी लावून घेतली की पोथी बाळबोधीत आणि दप्तर मोडीत. जे चिरकाल राहावयाचे ते सावकाश, जे आजच्या आज हवे ते धावत. प्रत्येक लेखनाचा वेग त्याच्या आयुष्यावर ठरत असे.

वेगाचा धोका लोकांना ठाऊक नव्हता असे नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, आणि त्यांना पकडण्याच्या हुकमाच्या कागदात ‘धरावे’ या शब्दाचा ‘मारावे’ केला गेला ही कथा मराठी मुलाने आईच्या मांडीवर ऐकली. तो कागद इतिहाससंशोधकांच्या हाती लागलेला नाही आणि कथेच्या सत्यतेविषयी संशयाला पुष्कळ जागा आहे. तथापि ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार भाषेत कायमचा रुतून बसला. एका अक्षरावर मनुष्याचा प्राण अवलंबून असू शकतो, ही लेखनव्यवसायाची जबाबदारी सर्वसामान्य जनांच्या बोलण्यात त्या वाक्प्रचाराने नेऊन ठेवली. म्हणूनच दप्तरात खर्डा आधी, त्यावर वरिष्ठांची मखलाशी, म्हणजे मंजुरीचा शेरा, मग नक्कल, मग रुजुवात, म्हणजे पडताळणी. धावणाऱ्या बोरूच्या मागे तपासणारी नजर नेहमी चालत असे.

ही सारी विद्या मुलांपर्यंत पोचे ती पंतोजीच्या शाळेतून. मूल प्रथम धुळपाटीवर अक्षर गिरवी. मग कित्ता, बोरू, काजळाची शाई. उजळणी, पावकी, निमकी, सवायकी, दिडकी संध्याकाळच्या परवच्यात मोठ्याने म्हटली जात, आणि त्या घोषातली निम्मी मुले ऐकूनच शिकत. पण छापील पुस्तक नावाची वस्तू त्या शाळेत नव्हती, आणि वाचनाचा पाठ म्हणून मुलापुढे जे येई ते असे जुनी पत्रे, कबुलायती, हिशेबाचे कागद: निरनिराळ्या हातांचे, घाईत लिहिलेले, कोठे कसर लागलेले. आपणांस आज ही दारिद्र्याची खूण वाटते. मला तीत एक अनपेक्षित लाभ दिसतो. छापील अक्षर सर्वत्र सारखे. ते वाचणाऱ्याला शोधावे लागत नाही. परक्या माणसाच्या हातचा कागद वाचणाऱ्या मुलाला मात्र पुढे काय येणार याचा अंदाज बांधावा लागे, तो पडताळावा लागे, चुकल्यास मागे फिरावे लागे. बारा वर्षांचे मूल असा कागद घडाघडा वाचू लागले म्हणजे गाव त्याला शहाणे म्हणे, ते उगीच नाही.

इंग्रजी अमलात चित्र पालटले. श्रीरामपूरच्या छापखान्यात मोडीचे खिळे पाडून विल्यम कॅरी यांनी १८१० साली आपला मराठी कोश छापला खरा, परंतु धावत्या हातासाठी घडलेली लिपी सुट्या खिळ्यांत फार काळ रमली नाही. छापखाना बाळबोधीचा झाला. मेजर थॉमस कँडी यांच्या प्रयत्नाने स्वल्पविराम, अर्धविराम, पूर्णविराम मराठीत रुजले, शब्दाशब्दांत अंतर आले, आणि मोठ्याने म्हटल्यावाचून, ओठ न हलवता, केवळ डोळ्यांनी वाचणे सामान्य विद्यार्थ्यालाही साधू लागले. हा उपकार थोडा नव्हे. पुढे १८५७ साली मुंबई विश्वविद्यालय स्थापन झाले, परीक्षा आल्या, आणि परीक्षांच्या मागोमाग ‘नोट्स’ हा शब्द आला. टिपण आणि नोट्स यांत नुसता भाषेचा भेद नाही. टिपण मनुष्य स्वतः टिपतो. पाखरू दाणा टिपते, टीपकागद शाई टिपतो, शिकारी सावज टिपतो, या प्रत्येक ठिकाणी निवड आणि नेम टिपणाराचा असतो. नोट्स बहुधा दुसऱ्याने काढलेल्या असतात, विद्यार्थी त्या उतरवून घेतो, आणि उतरवून घेतलेले पाठ करतो. ज्या पाठशाळेला मागासलेली म्हणून आपण मागे टाकले, तिचे घोकणे तेवढे आपण घेतले. तिची अर्थज्ञानाची अट, जी त्या सहा अधमांच्या यादीतच लिहिलेली होती, ती मात्र विसरलो.

मोडीचा पाडाव हळूहळू झाला. १९१७ साली मुंबई सरकारने कारभारासाठी बाळबोधीचा स्वीकार केला. शाळांतून मोडीचा तास विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत रेंगाळला, वाण्याच्या चोपडीत आणि म्हाताऱ्यांच्या पत्रांत ती आणखी काही वर्षे जगली. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे जेव्हा गावोगाव, वाड्यांच्या माळ्यांवर, वाण्यांच्या दुकानांत रद्दीत निघालेले कागद शोधीत हिंडत होते, आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडामागून खंड प्रसिद्ध करीत होते, तेव्हा मोडी वाचणारी माणसे अजून गावात मिळत. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० च्या सुमारास पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड सिद्ध केले, ते काम इतक्या थोड्या वर्षांत उरकले याचे एक कारण असे की रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, सोडून कागदामागून कागद झरझर चाळू शकणारे डोळे तेव्हा उपलब्ध होते. आज पुण्यात, पेशवे दप्तराच्या १८९१ सालच्या दगडी इमारतीत, हजारो रुमाल फडताळांत बांधून ठेवलेले आहेत, आणि ते वाचू शकणारांची संख्या वाढविण्यासाठी मोडीचे वर्ग भरवावे लागतात.

अशा एका वर्गात मी काही दिवस बसलो होतो. शेजारी इतिहासाची एक विद्यार्थिनी होती. पहिले कित्येक दिवस ती प्रत्येक अक्षरावर बोट ठेवून, तक्त्याशी ताडून, एकेक शब्द सोडवी. एका पत्राच्या मायन्यातच तिचा सबंध तास जाई, आणि ती म्हणे, हे आयुष्यात कधी वेगाने जमणार नाही. पुढे एके दिवशी गुरुजींनी नव्या पत्राची प्रत समोर ठेवली. तिने बोट उचलून ते कागदाच्या कडेला ठेवले, दोन-तीन ओळींवरून नजर तशीच सरकू दिली, आणि चौथ्या ओळीच्या मध्यावर, जेथे न तोडलेल्या अक्षरांच्या रांगेत ‘विशेष’ लिहिलेले होते, तेथे ती थांबली. मग वही जवळ ओढून तिने डाव्या बाजूस समास सोडला आणि तारीख लिहिली.